इंजिनातल्या अक्षता

गेल्या खंडेनवमीला आमच्या गाडीच्या इंजिनात मूठभर तांदूळ गेले. गाडीत तांदूळ जाणं ही यवतमाळात काही नवी गोष्ट नाही, डिकीतून आम्ही पोतीच्या पोती नेतो. पण इंजिनाच्या अगदी आतल्या खोलीत, तेही हळद-कुंकवासकट, जाणं जरा दुर्मिळ असावं. मी ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग तोंडावर रुमाल धरला.

सुरुवात गाडीच्या झटक्यांपासून झाली. आमची गाडी पेट्रोलची आणि वयाने जुनी. चौकात उभी राहिली की ती हिवताप आल्यासारखी थरथरायची, आणि चढावर तर अशी कुंथायची की मागचे लोक हॉर्न वाजवायचं सोडून काळजीने पाहायचे. लोहारा भागातल्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बोनेट उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

"प्लग गेले साहेब."

"मंग बदलव ना!"

"दसऱ्यानंतर या. आता सारं यवतमाळ गाडी दसऱ्याच्या आंधी करून मागून राह्यलं. उभी कराले जागा नाही माह्यापाशी."

दसऱ्यानंतर चालणार नव्हतं. आम्हाला दसऱ्यालाच उमरखेडला जायचं होतं.

उमरखेडला माझा मामा राहतो, आईचा थोरला भाऊ. त्यांचे वडील लवकर गेल्यावर त्यानेच आईला लहानाचं मोठं केलं, तिचं लग्न लावून दिलं. तेव्हापासून दर दसऱ्याला आपट्याचं पहिलं सोनं आई त्याच्या हातात देते. कधी येष्टीने गेली, कधी कापसाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेली, पण दसरा चुकवला नाही. यंदा पावसाळ्यात मामा अंगणात घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि तो खाटेला खिळला. रोज फोनवर त्याचं एकच विचारणं, "येतं ना वं शांते?" इकडे आईचे गुडघे असे की येष्टीची पायरी तिला पहाडासारखी वाटते. ती सहसा काही मागत नाही. यंदा मात्र तिने मला सरळ सांगितलं, "सुधाकर, मले दादाच्या हातात सोनं द्याचं हाये. मले घेऊन चाल."

बायको, वंदना, म्हणाली, "भाड्याची गाडी सांगून ठेवा."

"कायले? चार प्लग तं बदलायचे हायेत."

"कोण बदलते?"

"मी."

वंदना काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको न बोलता काय बोलते ते नवऱ्याला नीट ऐकू येतं.

माझा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता. माझं कृषी केंद्र आहे. फवारणीचा पेट्रोलवर चालणारा पंप बंद पडला की शेतकरी तो पाठीवरून उतरवून थेट माझ्या काउंटरवर ठेवतात. मी प्लग काढतो, घासतो, फुंकतो, परत लावतो, पंप सुरू! पंपाला एक प्लग, गाडीला चार. म्हणजे काम तेच, फक्त चार वेळा करायचं. (हा हिशोब मी दोन-तीन जणांना मोठ्या आवाजात ऐकवलाही होता.) शिवाय मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एका माणसाने पांढऱ्या शर्टाची बाहीसुद्धा न मळवता चारही प्लग बदलले आणि शेवटी हसला.

मी निवडला तो दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी दुकानात पूजेपुरतंच जायचं असतं, बाकी सुट्टी. सकाळी मी अंगणात पोतं अंथरलं तेव्हा आई ओसरीवरून म्हणाली, "आज आवजारं पूजेले लागतीन बरं." मी "हो हो" म्हणालो. न ऐकता द्यायच्या उत्तराचा माझा ठरलेला सूर आहे, त्याच सुरात म्हणालो.

पहिले दोन प्लग लोण्यातून सुरी काढावी तसे निघाले. तिसरा हलेना! पाना धरून मी ओढतोय, दातओठ खातोय, पाय बंपरला लावतोय, पण तो जागचा हलत नाही. एवढ्यात शेजारचे वानखडेभाऊ चहाचा कप घेऊन कुंपणाशी आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून गल्लीत कोणी घाम गाळत असला की त्यांना वास येतो.

"आवळून राह्यले काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, खोलून राह्यलो."

"मले तं आवळता असं वाटते बाप्पा."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि आणखी जोर लावला. मग जरा दम खाताना विचार केला. दोन प्लग मी गाडीच्या डाव्या बाजूने उभा राहून, पाना माझ्याकडे ओढून काढले होते. तिसऱ्यासाठी हात नीट पुरेना म्हणून मी उजवीकडे आलो होतो आणि पाना परत माझ्याकडेच ओढत होतो. म्हणजे गेला अर्धा तास जो प्लग मला काढायचा होता, तो मी घरादाराची ताकद लावून आवळत होतो! वानखडेभाऊ चहा संपवून गेले नाहीत. रिकामा कप हातात धरून उभेच राहिले.

अखेर तो सुटला, चौथाही सुटला. त्या व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं की सगळं ओळीने मांडून ठेवावं. म्हणून मी पोत्यावर पाना, पेचकस, पकड, काढलेले जुने प्लग आणि खोक्यातून काढलेले नवे प्लग असं सगळं पुसून, एका रांगेत, देखणं मांडलं. तेवढ्यात दुकानातून फोन आला, भटजी येऊन बसलेत. मी हात धुतले, बोनेट तसंच उघडं ठेवलं आणि "आलोच" म्हणून गेलो. दुकानात पूजा झाली, प्रसाद झाला, दोन ओळखीचे भेटले. तासाभराने परत आलो.

अंगणात पोतं रिकामं होतं.

गाडीला झेंडूचा हार होता. चाकाखाली लिंबं होती. देवघरात घटासमोर पाटावर लाल कापड होतं, आणि त्यावर घरातला विळा, पावशी, कुऱ्हाड यांच्या शेजारी माझा पाना, माझा पेचकस, माझी पकड आणि सगळेच्या सगळे प्लग हळद-कुंकू लावून, फुलं वाहून विराजमान झाले होते. समोर समई तेवत होती.

"आई, हे काहून आणलं इथं?"

"काहून म्हणजे? तूच तं पुसून-पासून ओळीनं मांडलं होतं! मले वाटलं, पोराले यंदा अक्कल आली."

"अवं, मले ते आता पाह्यजे. गाडी उघडी हाये!"

"मंग झाक."

"आई, फक्त पाना दे. प्लग दे. बाकी राहू दे."

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझा हात आपोआप मागे गेला. "घटाच्या म्होरं मांडलेलं हत्यार उचलते कोणी? तुह्या बापानं कधी विळा उचलला होता काय आजच्या दिवशी? धुऱ्यावर गवत माजलं तरी नाही उचलला. उद्या दही-भाताचा निवद दाखवीन, मंग घे."

इथवर मी गडबडलो नव्हतो. उद्या सकाळी घ्यावं, लावावं, निघावं. पण जाता जाता आई समाधानाने म्हणाली, "अन् यंदा गाडीची पूजा बी मनासारखी झाली. दरवर्षी त्या पत्र्याले कुकू लावते मी, मशीनपर्यंत कुठं पोचते ते? यंदा उघडंच होतं, आतूनच केली."

"आतून म्हणजे कुठून?"

"चार भोकं होती ना, तिथून. चारहीत अक्षता टाकल्या. एकीत टाकायच्या अन् दुसरीत नाही, असं करता येते काय?"

मी अंगणात धावलो. मोबाईलचा उजेड पाडून पहिल्या भोकात डोकावलो. आत खोलवर, पिस्टनच्या डोक्यावर, तांदळाचे कुंकवाने माखलेले दाणे सुखाने पडले होते. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात दाण्यांसोबत झेंडूची पाकळी. चौथ्यात काहीतरी चमकत होतं.

"आई, पाणी बी शिंपडलं काय?"

"दोनच थेंब."

वंदना पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. मग पदर सुटला तशी मोकळेपणाने हसली.

मी गॅरेजवाल्याकडे पळालो. तो नवा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. समोर त्याच्या पान्यांचा ढीग, ढिगावर झेंडू, झेंडूवर उदबत्ती.

"आज पान्याले हात लावत नाही साहेब."

"अरे, इंजिनात तांदूळ गेले!"

त्याने उदबत्ती सरळ केली. मग अगदी मनापासून त्याने विचारलं, "कच्चे का शिजेल?"

परत आलो. वानखडेभाऊंकडे पान्यांचा सेट आहे, तो पूजेत. मागच्या गल्लीतल्या वायरमनची पेटी पूजेत. सगळ्या यवतमाळात त्या दिवशी लोखंडाचा एक तुकडा असा नव्हता ज्याच्या कपाळाला कुंकू नव्हतं! मग आठवलं की माझ्या दुकानात पंपाचा एक प्लगपाना आहे. तो नक्की आहे, कारण तासाभरापूर्वी मी स्वतःच्या हाताने तो पाटावर मांडला होता आणि त्याला नमस्कारही केला होता. दुकानाची चावी खिशात होती. आई तिथे नव्हती, भटजी गेले होते, कोणीही पाहणार नव्हतं. मी दुकान उघडलं, पाटासमोर उभा राहिलो, थोडा वाकलोसुद्धा. आणि तसाच परत नमस्कार करून कुलूप लावून आलो. उचलायची माझीही छाती झाली नाही, हे खरं.

मग भाड्याच्या गाडीसाठी फोन लावले. दसऱ्याची एकही गाडी मोकळी नव्हती. वंदना शेजारी बसून प्रत्येक नकार शांतपणे ऐकत होती.

संध्याकाळी मामाचा फोन आला. मी बोनेटमध्ये अर्धा वाकलेला होतो आणि चिकटपट्टी लावलेल्या उदबत्तीच्या काडीने एक एक दाणा वेचायच्या प्रयत्नात होतो. ओसरीवरून आईचा आवाज आला, "येतो ना दादा, कायले घोर करतं? सुधाकर गाडी तयार करून राह्यला. पूजा बी झाली तिची."

तिच्या आवाजात मुलाबद्दलची एवढी खात्री होती की मला फार वाईट वाटलं. हसू आणणाऱ्या गोष्टी घरात रोज होतात, पण मामा खाटेवर वाट पाहत राहिला आणि आई इथे आपट्याची डहाळी घेऊन बसून राहिली तर ते मला सहन झालं नसतं. काडीला तोवर दोन दाणे लागले होते.

जेवताना वंदनाने भात वाढला. मी त्या भाताकडे पाहत बसलो.

"एक सांगा," ती म्हणाली, "फवारणीच्या पंपात कचरा गेला तं तुम्ही काय करता?"

"प्लग काढून दोरी ओढतो. आतल्या हवेनं उडून जाते भाईर."

"मंग?"

मी घास खाली ठेवला. पंपाला दोरी, तर गाडीला चावीचा सेल, म्हणजे स्टार्टर! अख्खी संध्याकाळ मी काडीने तांदूळ निवडत होतो! "हे मले सुचणारच होतं," मी म्हणालो. वंदनाने नुसतीच वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

पूजेतली गाडीही नैवेद्य होईपर्यंत सुरू करायची नव्हती. दसऱ्याच्या सकाळी आईची आंघोळ, पूजा, दही-भात, नैवेद्य असं रीतसर सगळं होईपर्यंत मी देवघराच्या उंबऱ्याशी ताटकळलो. मग तिने प्रत्येक हत्यार जरा जरा हलवलं आणि सगळं ताट माझ्या हातात दिलं. अंगणात आलो तर वानखडेभाऊ हजर होते. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, नवा झब्बा घातलेला. सोनं द्यायला आले होते, पण सोनं खिशात राहिलं आणि ते बोनेटवर वाकले.

"भाऊ, जरा मांगं सरका. सेल मारून राह्यलो."

"मारा ना. मी फक्त पाहतो."

मी आत बसून चावी फिरवली. फस्स! फस्स! फस्स! चारही भोकांतून हळद, कुंकू, तांदूळ आणि पाकळी अशी काही उसळली की क्षणभर मला समोरच्या काचेतून काहीच दिसेना. दिसलं तेव्हा वानखडेभाऊ तसेच वाकलेले होते. झब्बा लाल-पिवळा, मिशीत तांदूळ, कपाळावर पाकळी. त्यांच्या डोक्यावर अक्षता पडण्याची ही आयुष्यातली दुसरी वेळ.

"निंगाले," ते म्हणाले.

त्यांना टॉवेल देऊन वंदनाने घरात नेलं आणि मी प्लगकडे वळलो. इथे नवा घोळ! जुने आणि नवे सगळेच प्लग आईने हळद-कुंकवात असे काही माखले होते की जुना कोणता आणि नवा कोणता, ओळखूच येईना. मी रुमाल काढला.

"पुसू नको!" आई म्हणाली. "दसऱ्याचं कुकू पुसतं?"

"आई, यातले नवे कोणते?"

"मले काय ठाऊक? मी सारे सारखेच पुजले."

मग मी आईला "आपटा घेतला काय पाह्य" म्हणून आत पाठवलं आणि तिच्या पाठीमागे भराभरा टोकं पुसली. घाईत जे उजळ दिसले ते चार निवडले, हाताने फिरवून बसवले, मग पान्याने आवळले. (आवळण्याचा माझा सराव आदल्या दिवशी झालाच होता.) चावी फिरवली. गाडी सुरू झाली! आणि पूर्वीसारखीच थरथरायला लागली. बंद करून उरलेल्या चार प्लगांवरचं कुंकू नीट पुसलं, तर त्यातला एक कोरा करकरीत निघाला. म्हणजे एक म्हातारा आत जाऊन बसला होता. परत सगळं खोलून त्याला शोधला. तो अर्थातच शेवटच्या भोकात निघाला.

निघेपर्यंत दुपार झाली. आई मागच्या सीटवर, मांडीवर आपट्याची डहाळी. आर्णीच्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडीत खमंग वास सुटला, मुरमुरे भाजल्यासारखा. आत राहिलेले चार-दोन दाणे असावेत.

"परसाद भाजून राह्यला," आई म्हणाली आणि डोळे मिटून हात जोडले.

महागाव गेलं तोवर वास गेला होता. गाडी मात्र सुरेख चालली होती. थरथर नाही, झटका नाही. मी इतका कान देऊन इंजिन ऐकत होतो की वंदनाने दोनदा विचारलेलं मला ऐकू आलं नाही. मामाचा फोन येऊन गेला. "दिवस बुडाच्या आत ये वं." आई खिडकीतून सूर्याकडे पाहत होती आणि मी वेगाच्या काट्याकडे.

उमरखेडला पोचलो तेव्हा सूर्य घरांच्या मागे गेला होता, पण बुडाला नव्हता. आई माझा हात धरून उतरली आणि दारातून आत गेल्यावर तिने हात सोडला. मामा खाटेवर उशीला टेकून बसला होता, दाढी करून, टोपी घालून. आईने त्याच्या हातात सोनं ठेवलं आणि वाकली. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

चहा झाल्यावर मामा सावरला. "गाडी बिघडली होती म्हणते ना?"

मी सरसावून बसलो. आता माझी पाळी होती. पण आईने आधीच सुरुवात केली. "लय बिघडली होती दादा. यानं सारी खोलून ठेवली. मंग मी आतून पूजा केली तिची, अक्षता टाकल्या. अशी आली पाह्य, वाऱ्यासारखी!"

"आतून?" मामा म्हणाला. "वा!"

एवढ्यात अंगणातून मामाच्या मुलाचा, प्रकाशचा, आवाज आला. ट्रॅक्टर देवीच्या देवळाकडे न्यायचा होता आणि तो सुरूच होत नव्हता. सगळ्यांच्या नजरा क्षणभर माझ्याकडे वळल्या. मी बाह्या वर केल्या आणि दारात जाऊन म्हणालो, "थांब, प्लग काढून पाहू."

प्रकाशने डोकं खाजवलं. "दादा, ट्रॅक्टर डिझेलचा हाये. त्याले प्लग नसते."

मामाने खाटेवरून मला हाताने खाली बसायची खूण केली.

"तू बस, बापू. शांते, तूच पाह्य वं जरा. अन् तांदूळ घेऊन जाय."

आई पदर खोचून उठली. मी तिच्या मागे कुंकवाचा करंडा धरून गेलो. एवढं मोठं काम, हेल्पर लागतोच.